एकच चंदनाचा हार

गाडीवरचा ओरखडा नाहीसा करणं हे गोपीनाथांचं एकतीस वर्षांचं काम. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, उमरच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या हाताखालून किती गाड्या गेल्या याची मोजदाद नाही. दाराला लागलेला ओरखडा ते पुट्टी भरून, पॉलिश पेपर मारून, स्प्रे गनने रंग देऊन असा बुजवायचे की मालक तिथेच बोट फिरवत विचारायचा, नेमका कुठे होता? या बुजवाबुजवीपायी छातीत खोकला कायमचा मुक्कामाला आला आणि डॉक्टरने गॅरेज सोडायला लावलं. आणि आता सदुसष्टाव्या वर्षी, अल नहदातल्या अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून, हा माणूस धडधाकट नव्या वस्तूवर ओरखडे काढत होता. पोराने सांगितलं म्हणून.

वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. पोरगा म्हणजे वरद, एका एसी कंपनीत सेल्स मॅनेजर. फावल्या वेळात तो कोरी गिटार आणायचा आणि वडिलांकडून जुनी करून घ्यायचा. "बाबा, लोकांना असा लुक आवडतो. फाटक्या जीन्स नाही का घालत? सेम थिंग," असं त्याने सांगितलं होतं. गोपीनाथांना ते पटलं. फाटक्या जीन्स त्यांनी दुबईत पुष्कळ पाहिल्या होत्या.

कामात मात्र ते मन लावायचे. शुक्रवारी उमरच्या गॅरेजमध्ये जाऊन गिटारीवर एनसी लॅकरचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चकचकीत वार्निशचे, पातळ हात मारायचे. हे लॅकर आता गाड्यांना कुणी लावत नाही, पण जुन्या गिटारींना तेच असायचं. ते पुरतं वाळलं की गिटारीची मान वेगळी करून धड डीप फ्रीझरमध्ये. सून वैभवी त्या दिवशी बांगडे आणि खोबरं शेजारणीकडे ठेवायला द्यायची. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऑगस्टच्या उन्हात बाल्कनीच्या फरशीवर पाय ठरत नसताना, ते गारठलेलं धड बाहेर काढून ठेवायचं. दोन मिनिटांत बारीक टकटक ऐकू यायची आणि लॅकरवर जुन्या कपबशीवर असतात तसे तडे उमटायचे. मग त्या तड्यांत चहाचं पाणी मुरवायचं. हात घासतो तिथला रंग पॉलिश पेपरने लाकडापर्यंत उतरवायचा. पाठीवर पट्ट्याचं बक्कल घासायचं, कडांवर किल्ल्यांचा जुडगा आपटायचा. स्क्रू व्हिनेगरच्या वाफेत गंजवायचे. आणि वरच्या टोकाला, वाजवणारा माणूस पेटती सिगरेट खोचून ठेवतो त्या जागी, उदबत्तीने एक डाग.

खोटा ओरखडा सरळ जातो, खरा कधीच सरळ जात नाही, हे गोपीनाथांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांच्या गिटारी बघून मोठमोठे जाणकार गप्प व्हायचे.

जुलैत वरदने एक भलतीच गोष्ट केली. ट्रंकेतून वडिलांचा एक जुना फोटो शोधला, मोठा करून घेतला आणि हॉलच्या भिंतीवर आईच्या फोटोशेजारी लावला. गॅरेजच्या पिकनिकचा फोटो. कुण्या गोव्याच्या मेकॅनिकची गिटार गळ्यात अडकवून तिशीतले गोपीनाथ हसत होते. गिटार त्यांना कधीच वाजवता येत नव्हती, फोटोपुरती घेतली होती. पण फोटो भिंतीवर लागला तेव्हा म्हातारा आतून हलला. या पोराने बापाला कधी धड 'कसे आहात' विचारलं नव्हतं, आणि आज हॉलमध्ये फोटो. त्यांनी मनातल्या मनात सुहासिनीला सांगितलंसुद्धा, बघ, तुझा वरद मोठा झाला.

सुहासिनी म्हणजे त्यांची बायको. नऊ वर्षांपूर्वी बारा सप्टेंबरला गेली. तिच्या फोटोला चंदनाचा हार होता. दर वर्षी त्या दिवशी गोपीनाथ फोटो पुसायचे, हार झटकून पुन्हा घालायचे आणि तिला आवडायचा तसा केळं घातलेला शिरा स्वतः करायचे. या घरात त्यांचं असं म्हणावं ते एवढंच होतं. सांगलीची खोली विकून वरदला गाडी घेऊन दिली होती, आणि इथला व्हिसाही वरदच्याच नावावर चालत होता.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी वरदचा फोन वाजला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बाबा, पाच मिनिटं आहेत, नीट ऐका. शार्दूल कर्णिक खाली पार्किंगमध्ये आलाय. दुबई मरीनात राहतो, मोठा माणूस आहे. ही गिटार घ्यायला आलाय."

"मग येऊ दे की."

"त्याला वाटतंय की ही गिटार साठ सालची आहे. आणि माझ्या वडिलांची आहे."

"माझी?"

"माझ्या वारलेल्या वडिलांची. सेलमध्ये स्टोरी लागते बाबा. दुबईत डेराच्या हॉटेलात वाजवायचे, नऊ वर्षांपूर्वी गेले, असं सांगितलंय."

तोवर वरदची नजर भिंतीवर गेली होती. शार्दूल चांगल्या घरातला मराठी माणूस. वारलेल्या वडिलांच्या फोटोला हार नाही, हे त्याच्या पहिल्या नजरेत येणार. वरदने स्टूल ओढलं, आईच्या फोटोचा हार काढला आणि वडिलांच्या फोटोला घातला. घरात हार एकच होता. खाली उतरून त्याने मागे सरून पाहिलं, नवं कॅलेंडर लावल्यावर माणूस बघतो तसं.

"वरद," गोपीनाथ म्हणाले, "तो तुझ्या आईचा आहे."

"तासाभराचा प्रश्न आहे. आई सांगलीला असते, ओके? आणि तुम्ही तुकारामकाका. गावचे, घरात मदतीला असता." मग मुलीकडे वळून, "पर्णिका, तुकारामकाका म्हणायचं. आजोबा नाही."

नऊ वर्षांची पर्णिका सोफ्यावर टॅब घेऊन बसली होती. "सो आजोबा इज डेड नाऊ?"

"फॉर वन अवर."

"ओके," ती म्हणाली. वैभवी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. तिने एकदा वळून सासऱ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा गॅसकडे तोंड केलं. चहात आलं घालायचं ती विसरली नाही.

शार्दूल आला. चाळिशीचा, नम्र, दाराबाहेर बूट काढून आत येणारा. गिटारीकडे जायच्या आधी तो फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले. गोपीनाथ पाण्याचा ट्रे घेऊन त्याच्या मागेच उभे होते. आपल्याला कुणी इतक्या मनापासून नमस्कार केल्याचं त्यांना आयुष्यात आठवत नव्हतं.

मग गिटार. शार्दूलने ती मांडीवर घेतली आणि एकेका तड्यावरून बोट फिरवलं. "ओ माय गॉड. हे बघ ना, हात किती वर्षं घासला असेल इथे. आणि हा सिगरेटचा?"

"हो. तीच सिगरेट त्यांना घेऊन गेली," वरद म्हणाला. "लंग्ज."

उभ्या जन्मात विडी न ओढलेल्या गोपीनाथांना नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. ट्रे हातात असल्यामुळे तोंडावर हात ठेवता येईना.

"काका, तुम्ही ओळखायचा त्यांना?" शार्दूलने विचारलं.

"हो. एकाच घरात होतो."

"कसे होते?"

वरद पापणी न हलवता वडिलांकडे बघत होता. गोपीनाथ म्हणाले, "कामाला चोख होता."

शार्दूलच्या डोळ्यांत पाणी आलं. बत्तीस हजार दिरहॅम त्याने तिथल्या तिथे ट्रान्सफर केले. वरद तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "म्हणजे साडेसात लाख." जाताना शार्दूलने पुण्यतिथी कधी ते विचारलं. आयत्या वेळी वरदला एकच तारीख आठवली आणि त्याने ती देऊन टाकली. बारा सप्टेंबर.

दार बंद झाल्यावर गोपीनाथांनी स्टूल ओढलं. वरद म्हणाला, "राहू द्या. तो पुन्हा येईल, त्याचे फ्रेंड्सही येणार आहेत. अजून तीन गिटारी लाइनमध्ये आहेत."

"मग दुसरा हार आण."

"आणतो की."

नाही आणला. गोपीनाथांनी स्वतः एकदा हार काढून सुहासिनीच्या फोटोला घातला, तर संध्याकाळी वरदने तो परत बदलला आणि वर ऐकवलं, "बाबा, माझ्या धंद्याशी खेळू नका. हे फ्लॅटचं भाडं, तुमचा इन्शुरन्स, व्हिसा, सगळं कशातून येतं?" व्हिसा हा शब्द त्याने वाक्याच्या शेवटी घेतला, आणि मुद्दाम घेतला. गोपीनाथांना राग आला. पण रागावून जायचं कुठे? सांगलीच्या खोलीत आता दुसऱ्याच कुणाचा संसार होता.

"एवढंच कर," ते म्हणाले. "बारा तारखेच्या आत तिचा हार तिला दे. बाकी मला काय मारायचं ते मार."

"प्रॉमिस," वरद म्हणाला.

घरात बाकी सगळं अंगवळणी पडत गेलं. गिऱ्हाईक आलं की तुकारामकाका पाणी आणायचे. पर्णिकाला तर खेळच मिळाला. गिऱ्हाईक नसतानाही ती हाक मारायची, "तुकारामकाका, रिमोट प्लीज." पहिल्यांदा वैभवीने तिला दटावलं, दुसऱ्यांदा नाही.

एक गोष्ट मात्र गोपीनाथांनी कुणाला सांगितली नाही. शार्दूलचा मधूनमधून फोन यायचा, आणि तो स्पीकरवर विचारायचा, "आई कशा आहेत सांगलीला? गुडघे दुखतात म्हणालास ना?" वरद ठोकून द्यायचा, बऱ्या आहेत, सकाळी फिरायला जातात. ते ऐकताना गोपीनाथ हातातलं काम थांबवायचे. जगात एक तरी माणूस होता ज्याच्या लेखी सुहासिनी सकाळी फिरायला जात होती. खोटं होतं, पण ऐकायला बरं वाटायचं. आपण मेलो तर मेलो, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

बारा सप्टेंबर शनिवारी आला. हार होता तिथेच होता. शार्दूलने दुबईत ऊद मेथात एक छोटा हॉल घेतला होता, दुपारी चारला कार्यक्रम. गिटारिस्ट गोपीनाथ यांच्या स्मृतीला वंदन. चाळीस-पन्नास मराठी माणसं येणार, म्हणजे चाळीस-पन्नास गिऱ्हाइकं. सकाळी गोपीनाथांनी शिऱ्यासाठी रवा काढला. "आज नको बाबा," वरद म्हणाला, "तुम्ही पण यायचंय. शार्दूलने खास सांगितलंय, तुकारामकाकांना आणा." रवा डब्यात परत गेला. भिंतीवरचा हारवाला फोटो वरदने हारासकट काढून गाडीत ठेवला.

हॉलमध्ये गोपीनाथ शेवटच्या रांगेत बसले. पुढे टेबलावर त्यांचा फोटो, सुहासिनीचा हार, समई, आणि शेजारी स्टँडवर त्यांनीच फ्रीझरमध्ये घालून तडकवलेली गिटार. शार्दूल बोलला, ती गिटार वाजवली, बरी वाजवली. मग वरद उभा राहिला.

वरदने कागद आणला नव्हता. तो म्हणाला, "बाबांनी माझ्यावर आयुष्यात एकदाही हात उगारला नाही. रात्री कामावरून यायचे तर अंगाला वास असायचा, म्हणून आंघोळ केल्याशिवाय मला जवळ घ्यायचे नाहीत. मी जागा राहायचो. मी त्यांना कधी थँक यू म्हटलं नाही. आज ते असते तर..." आणि तो रडला. खरं रडला. गोपीनाथांना त्याचं लहानपणापासूनचं रडणं ओळखता येत होतं, खालचा ओठ आधी एका बाजूला जायचा. वास थिनरचा होता, आंघोळीचं खरं होतं, जागं राहण्याचं मात्र त्यांना आजच कळलं. पोराच्या पोटात हे सगळं होतं तर. फक्त ते ऐकायला बापाला मरावं लागलं.

"दोन मिनिटं उभं राहू या," शार्दूल म्हणाला. खुर्च्या सरकल्या. गोपीनाथही उभे राहिले, मान खाली घातली. खोकला येऊ नये म्हणून त्यांनी श्वास धरून ठेवला. शेजारची बाई हळूच म्हणाली, "काका, बसलात तरी चालेल." त्यांनी मान हलवली.

सगळे बसल्यावर शार्दूलने एक खोका पुढे आणला. जांभळी पैठणी. "ही आईंसाठी. आणि आज आपण सगळे त्यांना व्हिडिओ कॉल करू या. स्क्रीन लावलीय. वरद, नंबर दे."

हॉल टाळ्या वाजवू लागला. वरद माइकपाशी उभा होता. गोपीनाथांना त्याच्या चेहऱ्यावर हिशोब होताना दिसला, एसी विकताना होत असेल तसा. गळा अजून ओला होताच, तो त्याने वापरला.

"आय कुडन्ट टेल यू, शार्दूल. आई मंगळवारी गेली. हार्ट. मला तिकीटसुद्धा मिळालं नाही. म्हटलं, आज बाबांचा दिवस आहे, आज सांगायला नको."

बायका पदराने डोळे पुसू लागल्या. शार्दूलने वरदला मिठी मारली. पुन्हा खुर्च्या सरकल्या, पुन्हा दोन मिनिटं. नऊ वर्षांपूर्वी याच तारखेला, पहाटे, गोपीनाथांनी तिचा हात हातात धरला होता आणि तो हळूहळू गार होत गेला होता. आज तोच हात कुणीतरी पुन्हा ओढून काढून घेतला. शार्दूल मागे आला आणि पैठणीचा खोका त्यांच्या हातात देत म्हणाला, "काका, हे तुम्ही न्या. त्यांच्या फोटोपुढे ठेवा." गोपीनाथांना त्याला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण मग वरद जेलमध्ये गेला असता, या देशात फसवणुकीला कायदा फार कडक आहे. आणि वरद सुहासिनीचा होता. त्यांनी खोका घेतला.

परतताना गाडीत वरद शिट्टी वाजवत नव्हता एवढंच. तीनही गिटारी बुक झाल्या होत्या. "बाबा, एका दृष्टीने तुमचंच काम झालं. आता आईला हार घालता येईल. उद्या बर दुबईहून एक घेऊन या."

"हाच घालतो तिला. तिचाच आहे."

"कसं चालेल? आई मंगळवारी गेली, तिचा हार नवा पाहिजे. तुम्ही नऊ वर्षांपूर्वी गेलात, तुमचा जुना. शार्दूल पुढच्या रविवारी भेटायला येतोय. लॉजिक समजून घ्या." आणि मागे न बघता, "यल्ला, चल पर्णिका, सीट बेल्ट."

दुसऱ्या दिवशी गोपीनाथांनी हार आणला आणि शनिवारपर्यंत तो पिशवीतच राहू दिला. शनिवारी वरद, वैभवी, पर्णिका मॉलमध्ये गेल्यावर ते दोन्ही हार घेऊन बाल्कनीत बसले.

आधी सुहासिनीचा घेतला. नऊ वर्षांची धूळ रंगाच्या मऊ ब्रशने एकेका चंदनाच्या पापुद्र्यातून काढली. काळी पडलेली जरीची तार उसवून नवी ओवली. निसटलेल्या दोन पाकळ्या डिंकाने बसवल्या. शेवटी बोटाला चंदनाच्या तेलाचा थेंब लावून पूर्ण हारावरून फिरवला. बुजवण्याचंच काम ते, एकतीस वर्षं केलेलं. हार कोरा दिसू लागला, आत्ताच दुकानातून आणल्यासारखा.

मग त्यांनी नवा घेतला, स्वतःचा. चहाच्या पाण्यात बुडवला, उन्हात वाळवला, पुन्हा बुडवला. जरीवरची चमक पॉलिश पेपरने उतरवली, पण सगळीकडे सारखी नाही. हार खिळ्याला टेकतो तिथे जास्त, खाली लोंबतो तिथे कमी. दोन पाकळ्या मोडल्या. उदबत्तीचा धूर दिला. जुना दिसण्यासाठी काय काय लागतं ते सगळं त्यांनी केलं, आणि मन लावून केलं. मधेच खोकल्याने बेजार झाले, पाणी प्यायले, पुन्हा बसले.

संध्याकाळी वरदने दोन्ही हार निरखून पाहिले. कळकट झालेला बोटांत धरून तो खूश झाला. "हा तुमचा. एकदम ओरिजिनल. कुणाच्या बापाला कळणार नाही." मग दुसरा. "आणि हा आईचा. छान मिळाला नवा."

"हो," गोपीनाथ म्हणाले.

वरदने स्टुलावर चढून दोन्ही फोटोंना हार घातले. सुहासिनीच्या गळ्यात तिचाच हार आला, हे त्या घरात एकट्या गोपीनाथांना ठाऊक होतं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. ते फोटोंसमोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"तुकारामकाका," सोफ्यावरून पर्णिका म्हणाली, "कॅन यू मूव्ह? आय कान्ट सी द टीव्ही."

या वेळी तिला कुणीच दटावलं नाही. गोपीनाथ बाजूला झाले.